'स्कारबरो फेअर' कुणाचं, आणि ते डी मायनरवर का बिघडतं?

प्रश्न : सर, माझं वय १९. दोन वर्षं अकूस्टिक गिटार शिकतोय. कॉलेजच्या कार्यक्रमात 'स्कारबरो फेअर' म्हणायचं ठरवलंय. कॉर्डचं पुस्तक समोर ठेवून ए मायनर, जी, सी, डी मायनर असं वाजवतो, पण सायमन-गारफंकलच्या रेकॉर्डसारखं ते लागतच नाही, उगाच रडवेलं वाटतं. दुसरं म्हणजे हे गाणं नक्की कुणाचं? कुठे 'पारंपरिक इंग्लिश' लिहिलंय, कुठे पॉल सायमनचं नाव, कुठे मार्टिन कार्थीचं. माझा मित्र म्हणतो, रॉक आणि फोक दोन्ही मुळात अमेरिकेचं, ब्रिटिशांनी नुसती नक्कल केली. खरं काय? आणि स्टेजवर नाव कुणाचं घेऊ?

उत्तर :

डी मायनर काढ आणि तिथे डी मेजर लाव. निम्मं काम तेवढ्यानेच होईल.

का, ते आधी सांगतो, कारण तुझ्या दुसऱ्या प्रश्नाची वाटही तिथूनच जाते. ए ला सा धर. डी मायनर कॉर्डमध्ये एफ हा सूर आहे, म्हणजे तुझा कोमल धैवत. डी मेजरमध्ये त्याच जागी एफ शार्प आहे, म्हणजे शुद्ध धैवत. आता गाणं नुसतं गुणगुणून बघ. पहिली ओळ सा सा प प प रे ग रे सा अशी जाते, गंधार कोमल. दुसऱ्या ओळीत आवाज तार सा पर्यंत चढतो आणि 'रोझमेरी'पाशी उतरताना शुद्ध धैवताला शिवून पंचमावर येऊन बसतो. गंधार-निषाद कोमल, धैवत शुद्ध. आपला काफी थाट. तिकडे याला डोरियन म्हणतात. तू गळ्याने शुद्ध धैवत लावतोस, कारण रेकॉर्ड ऐकून तो तुझ्या कानात बसलाय, आणि हाताने त्याच क्षणी कोमल धैवताचा कॉर्ड वाजवतोस. ते दोन सूर एकमेकांना घासतात. तुला जे रडवेलं वाटतंय ते हेच.

हीच चूक मी शिकत असताना केली होती. झेरॉक्स केलेलं गाण्यांचं एक पुस्तक होतं, त्यातही डी मायनरच छापला होता. शेजारी एक काका राहायचे, भजनी मंडळात पेटीची साथ करायचे. एका संध्याकाळी मी गॅलरीत बसून हे गाणं घोटत होतो तेव्हा ते दारात उभं राहून ऐकत होते. इंग्रजी शब्दांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. तीनदा ऐकलं आणि म्हणाले, "गातोयस काफीत आणि वाजवतोयस आसावरीत. गळा आणि हात एका घरात आण की." मी चिडलो होतो. मग एक बोट सरकवून एफचा एफ शार्प केला आणि गाणं एकदम उघडलं. तो क्षण मी आजही प्रत्येक विद्यार्थ्याला हाताने करून दाखवतो.

आणखी एक. सायमनचा कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) सातव्या फ्रेटवर आहे. आकार ए मायनरचेच, पण ऐकू येतो ई. तितक्या वर गेल्यावर गिटारचा घुमारा कमी होतो आणि तारा छोट्या हार्पसारख्या किणकिणतात. तू उघड्या गिटारवर, कॅपोशिवाय, वर स्ट्रमिंग करत असशील तर तो आवाज येणारच नाही. स्ट्रमिंग बंद कर. तीन मात्रांचं गाणं आहे; पहिल्या मात्रेला अंगठ्याने खालचा सूर, उरलेल्या दोन मात्रांत बोटांनी वरच्या तारा. सुरुवातीला इतकंच पुरे.

आता कुणाचं ते.

शब्द खूप जुने. एका गावच्या पोरीला निरोप पाठवायचा : शिवण न घालता, सुई न लावता माझ्यासाठी सदरा शिव. मग उलट मागणी : खारं पाणी आणि किनारा यांच्या मधोमध एक एकर जमीन शोध. अशा अशक्य कामांची देवाणघेवाण करणारी गाणी स्कॉटलंड-इंग्लंडात शतकानुशतकं फिरत होती. हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी १८८२ ते १८९८ या काळात ३०५ बॅलड (गोष्ट सांगणारी जुनी गाणी) क्रमांक देऊन छापली, त्यात हे कुटुंब दुसऱ्या क्रमांकावर आहे. म्हणून फोकवाले लोक 'चाइल्ड २' असं म्हणतात. आपण एखाद्या बंदिशीचा राग सांगावा तसा ते चाइल्ड क्रमांक सांगतात.

आज आपण गातो ती चाल मात्र एका ठरावीक माणसाच्या तोंडून आली. १९४७ मध्ये इवान मॅकॉल या ब्रिटिश फोक गायकाने उत्तर इंग्लंडातल्या मिडलटन-इन-टीसडेल गावात मार्क अँडरसन नावाच्या निवृत्त शिसे-खाण कामगाराकडून हे गाणं उतरवून घेतलं. पुढे १९६० मध्ये मॅकॉल आणि अमेरिकन गायिका पेगी सीगर यांनी गाण्यांचं एक पुस्तक काढलं, त्यात ते छापलं गेलं. लंडनमधल्या एका तरुण गिटारवाल्याने ते पुस्तकातून उचललं. तो मार्टिन कार्थी. त्यांचं नाव तुला तिसऱ्या ठिकाणी दिसलं ते यामुळे.

इथे एक गोष्ट नीट समजून घे, कारण बहुतेक लोक इथेच घसरतात. इंग्लंडातले जुने गायक ही गाणी वाद्याशिवाय म्हणायचे. शेतात, खाणीच्या गावात, पबमध्ये, नुसत्या गळ्यावर. लयही त्यांच्या श्वासाप्रमाणे, कुठे ओढलेली, कुठे घाईची. त्यांच्याकडे गिटारची साथ नव्हतीच. म्हणजे 'पारंपरिक' म्हणून जे आलं ते चाल आणि शब्द एवढंच. अंगठा कुठे पडतो, कुठला सूर उघड्या तारेवर घुमत ठेवायचा, ओळींच्या मधली जागा कशी भरायची, ही सगळी बांधणी कार्थींची. १९६५ मध्ये त्यांची पहिली रेकॉर्ड आली, त्यात ती आहे. आपल्याकडे बंदिश सगळ्यांची असते पण ती मांडण्याची तऱ्हा घराण्याची, गुरूची असते, आणि गवई बैठकीत कानाला हात लावून ते नाव घेतो. तोच हिशेब इथे लाव.

मग कार्थींच्या हातात गिटार आली कुठून? अमेरिकेतून. तुझ्या मित्राचं म्हणणं इथपर्यंत बरोबर आहे.

१९५४ मध्ये ख्रिस बार्बरच्या जॅझ बँडमधल्या लॉनी डॉनेगनने 'रॉक आयलंड लाइन' रेकॉर्ड केलं. १९५५ च्या अखेरीस ते एकटं रेकॉर्ड म्हणून बाजारात आलं आणि १९५६ च्या सुरुवातीला इंग्लंडात धुमाकूळ घातला. हे गाणं अर्कान्सासच्या तुरुंगातले काळे कैदी म्हणायचे. १९३४ मध्ये लोकगीतांचा संग्राहक जॉन लोमॅक्सने तिथे जाऊन ते रेकॉर्ड केलं होतं, आणि त्या दौऱ्यात त्याच्याबरोबर असलेल्या लेड बेली या गायकाने ते पुढे गाजवलं. डॉनेगनची साथ म्हणजे गिटार, बास आणि कपडे धुण्याचा पत्रा. याला स्किफल म्हणायचे. बास परवडत नसेल तर चहाच्या खोक्याला काठी आणि दोरी बांधून काम भागायचं. युद्धानंतरच्या काटकसरीच्या इंग्लंडात पोरांना हे स्वस्तात जमणारं होतं. गावोगाव स्किफलचे चमू निघाले. लिव्हरपूलमधल्या अशाच एका चमूचं, क्वॉरीमेनचं, ६ जुलै १९५७ रोजी चर्चच्या जत्रेत वादन होतं, आणि त्या दुपारी जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी पहिल्यांदा भेटले. डॉनेगनचं हेच गाणं ऐकून कार्थींनी घरातली वडिलांची जुनी गिटार खाली काढली.

आता ज्या बाईंमुळे मला हा सगळा इतिहास जिव्हाळ्याचा वाटतो, त्यांच्याकडे येतो. एलिझाबेथ कॉटन.

नॉर्थ कॅरोलिनातल्या गरीब काळ्या कुटुंबातली मुलगी. डावखुरी. गिटार मिळाली ती उजव्या हाताने वाजवणाऱ्यासाठी तारा लावलेली. तिने तारा बदलल्या नाहीत, गिटारच उलटी धरली. हे नुसतं वाचून पुढे जाऊ नकोस. तुझी गिटार उचल आणि उलटी धरून बघ. जाड तारा खाली जातात, बारीक तारा वर. तुझा अंगठा आता बारीक तारांवर पडतो. म्हणजे कॉटनबाई अंगठ्याने चाल वाजवायच्या आणि बोटांनी बास, आपण करतो त्याच्या बरोबर उलट. बोटांचा तो बास घड्याळाच्या लंबकासारखा इकडून तिकडे अखंड जातो आणि वरून चाल थोडी आधी, थोडी नंतर अशी पडते. त्या तऱ्हेला गिटारवाले आजही कॉटन पिकिंग म्हणतात. कुणी शिकवलं नव्हतं. मुलगी ११-१२ वर्षांची असताना घराजवळून जाणाऱ्या मालगाडीवर तिने 'फ्रेट ट्रेन' हे गाणं रचलं.

मग लग्न, संसार, चर्चची शिस्त. गिटार सुटली ती कित्येक वर्षं. वॉशिंग्टनमध्ये एका मोठ्या दुकानात काम करत असताना त्यांना हरवलेली एक लहान मुलगी सापडली. ती त्यांनी आईच्या हवाली केली. ती आई म्हणजे संगीतकार रूथ क्रॉफर्ड सीगर, आणि मुलगी पेगी. त्या ओळखीतून कॉटनबाई सीगरांच्या घरी घरकामाला लागल्या. घर असं की भिंतीवर गिटार, बँजो टांगलेले. एक दिवस त्यांनी गिटार खाली घेतली आणि इतक्या वर्षांनी हात पुन्हा चालू लागला. पेगीने त्यांच्याकडून 'फ्रेट ट्रेन' शिकून घेतलं. १९५६ मध्ये पेगी सीगर लंडनला गेली, बरोबर गाणं गेलं. १९५७ मध्ये चॅस मॅकडेविटच्या स्किफल चमूने, नॅन्सी व्हिस्कीच्या आवाजात, ते रेकॉर्ड केलं आणि इंग्लंडात पहिल्या पाचात पोचवलं. रेकॉर्डवर रचनाकार म्हणून कॉटनबाईंचं नाव नव्हतं, दुसऱ्याच दोघांची नावं होती. आपलं लहानपणचं गाणं आपलं आहे हे सिद्ध करायला त्यांना नंतर झगडावं लागलं. सीगर कुटुंब पाठीशी उभं राहिलं म्हणून ते जमलं. पेगीचा भाऊ माइक याने त्यांची रेकॉर्डिंग केली, १९५८ मध्ये त्यांची पहिली रेकॉर्ड निघाली. १९८५ मध्ये त्यांना ग्रॅमी मिळालं तेव्हा त्यांनी नव्वदी गाठली होती.

आता दोन धागे शेजारी ठेव. 'फ्रेट ट्रेन' अमेरिकेतून इंग्लंडात नेलं पेगी सीगरने. 'स्कारबरो फेअर' ज्या पुस्तकातून कार्थींना मिळालं, त्या पुस्तकावर नाव मॅकॉलबरोबर त्याच पेगी सीगरचं. आणि कार्थींना विचारलं की तुमच्या हातावर कुणाचा प्रभाव, तर ते अमेरिकन ब्लूज गायक बिग बिल ब्रून्झी आणि एलिझाबेथ कॉटन ही नावं घेतात. म्हणजे यॉर्कशरमधल्या एका जत्रेचं गाणं, डरहममधल्या खाणकामगाराच्या तोंडून आलेलं, वाजवणारा अंगठा नॉर्थ कॅरोलिनाच्या एका मोलकरणीच्या शाळेतला. मग ते गाणं परत अमेरिकेत गेलं. 'इंग्लिश का अमेरिकन' या प्रश्नाला मी वर्गात हाच नकाशा फळ्यावर काढतो.

परत गेलं ते असं. डिसेंबर १९६२ मध्ये बॉब डिलन बीबीसीच्या एका नाटकात काम करायला लंडनला आला. नाटक जानेवारी १९६३ मध्ये दाखवलं गेलं, टेप पुढे पुसून टाकली. तो हिवाळा इंग्लंडला विसरता न येणारा, इतकी थंडी. कार्थी सांगतात की त्यांनी आणि डिलनने मिळून एक मोडका पियानो तलवारीने फोडून शेकोटीला लावला. लंडनच्या फोक क्लबांत डिलन कार्थींना ऐकायचा, पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचा. मे १९६३ मध्ये आलेल्या त्याच्या दुसऱ्या अल्बममध्ये 'गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री' आहे. ऐक, 'स्कारबरो फेअर'मधली ओळ तिथे तुला भेटेल. पण चाल त्याने वळवली, कॉर्ड बदलले, मागणं जाऊन आठवण आली. त्याच अल्बममधल्या दुसऱ्या गाण्याची चाल कार्थींकडून ऐकलेल्या 'लॉर्ड फ्रँकलिन'ची, आणि कव्हरवरच्या मजकुरात कार्थींचं नाव छापलेलं आहे.

पॉल सायमन १९६४-६५ मध्ये इंग्लंडात राहून क्लबांतून गात होता. त्यानेही कार्थींकडूनच हे गाणं घेतलं, बांधणीसकट. १९६६ च्या अल्बममध्ये सायमन-गारफंकलने त्यावर दुसरं एक गाणं विणलं. सायमनचंच 'द साइड ऑफ अ हिल' नावाचं जुनं युद्धविरोधी गाणं मागून समांतर चालतं. ते विणकाम अप्रतिम आहे आणि ते त्या दोघांचंच, यात वाद नाही. १९६७ च्या अखेरीस 'द ग्रॅज्युएट' सिनेमात ते आलं आणि जगभर गेलं. रेकॉर्डवर कार्थींचं नाव नव्हतं. हे त्यांना कित्येक वर्षं लागून राहिलं होतं. २००० मध्ये लंडनच्या कार्यक्रमात सायमनने कार्थींना स्टेजवर बोलावलं आणि दोघं मिळून 'स्कारबरो फेअर' गायले.

नावाचा प्रश्न इतका जिवाचा का, तर त्यामागे पैशाचं गणित आहे. पारंपरिक गाण्याला मालक नाही, पण 'पारंपरिक, मांडणी अमुक' असं छापलं की मांडणी करणाऱ्याला रॉयल्टी मिळते. 'हाउस ऑफ द रायझिंग सन' घे, जे तू नक्की वाजवत असशील. १९३७ मध्ये अ‍ॅलन लोमॅक्सने केंटकीतल्या मिडल्सबरोमध्ये जॉर्जिया टर्नर नावाच्या १६ वर्षांच्या मुलीकडून ते रेकॉर्ड केलं. न्यूयॉर्कमध्ये डेव्ह व्हॅन रॉन्कने त्याचे कॉर्ड नव्याने बसवले, ते व्हॅन रॉन्कच्या आधीच डिलनने स्वतःच्या १९६२ च्या अल्बमवर टाकले. मग न्यूकॅसलच्या अ‍ॅनिमल्सनी १९६४ मध्ये ते विजेच्या गिटारवर घेतलं, एका दमात रेकॉर्ड केलं, आणि ते दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर गेलं. जगातला प्रत्येक नवशिक्या ए मायनर, सी, डी, एफ अशी जी तुटक तारांची नक्षी आधी शिकतो, ती हिल्टन व्हॅलेंटाइनची. मांडणीकार म्हणून नाव छापलं गेलं ते एकट्या ऑर्गनवाल्या अ‍ॅलन प्राइसचं. (तिथेही डी मेजर आहे बरं का. सूर तोच, शुद्ध धैवत.)

तुझ्या मित्राच्या 'नक्कल' शब्दाबद्दल थोडं अजून. १९५८ मध्ये अमेरिकन ब्लूज गायक मडी वॉटर्स इंग्लंडात वाजवून गेला तेव्हा त्याच्या विजेच्या गिटारचा आवाज अनेकांना सोसला नव्हता. त्यांना ब्लूज म्हणजे अकूस्टिक, शेतमजुराचं संगीत वाटायचं. चार वर्षांनी त्याच्याच एका गाण्यावरून लंडनच्या पोरांनी बँडचं नाव रोलिंग स्टोन्स ठेवलं. या पोरांनी काळ्या अमेरिकन वादकांकडून घेतलं ते उघड घेतलं, आणि काहींनी नावंही घेतली. पण सगळ्यांनी नाही. 'होल लॉटा लव्ह'साठी ब्लूजचा गीतकार विली डिक्सन याला लेड झेपेलिन या इंग्लिश बँडवर १९८५ मध्ये दावा लावावा लागला, तो कोर्टाबाहेर मिटला. माझं स्पष्ट मत असं की या देवाणघेवाणीत सगळ्यात जास्त दिलं ते काळ्या अमेरिकन कलावंतांनी आणि सगळ्यात कमी मिळालं तेही त्यांनाच. संग्राहकही त्याला अपवाद नव्हते. सेसिल शार्प १९१६ ते १९१८ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन डोंगरांत फिरला, तो सूर लिहायचा आणि मॉड कारपेलीस शब्द. दीड हजाराहून जास्त चाली त्यांनी जमवल्या. इंग्लंडात विसरलेली बॅलड त्यांना तिथे जिवंत सापडली. पण शार्पला हवं होतं ते गोऱ्या वसाहतवाल्यांचं इंग्लिश संगीत. त्याच डोंगरांतले काळे गायक आणि त्यांचा बँजो त्याने जवळजवळ सोडूनच दिला. केवढं निसटलं असेल.

वीज आल्यावर हेलपाटे आणखी वाढले. रॉजर मॅग्विनने बीटल्सच्या सिनेमात जॉर्ज हॅरिसनच्या हातात १२ तारांची रिकनबॅकर गिटार पाहिली, तशीच घेतली, आणि त्याच्या बर्ड्स या अमेरिकन बँडने त्यावर डिलनचं गाणं वाजवून १९६५ मध्ये दोन्हीकडे पहिला क्रमांक मिळवला. २५ जुलै १९६५ रोजी न्यूपोर्टच्या महोत्सवात डिलन स्वतः विजेची गिटार घेऊन उभा राहिला. त्याची कथा सगळीकडे सांगितली जाते, म्हणून इथे थांबत नाही.

ज्याच्याबद्दल कमी बोललं जातं ते ट्यूनिंग मात्र तुला आजच करून बघायला सांगतो. इंग्लंडातला गिटारवादक डेव्ही ग्रॅहम, आई गयानाची, वडील स्कॉटिश. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तो मोरोक्कोत हिंडत होता, तिथल्या ऊद (अरबी तंतुवाद्य) वाजवणाऱ्यांबरोबर वाजवता यावं म्हणून त्याने तारा बदलल्या. पहिली, दुसरी आणि सहावी तार एकेक स्वर उतरव. जाड तारेपासून डी, ए, डी, जी, ए, डी. इंग्रजी अक्षरं जोडून वाचतात, डॅडगॅड. आपल्या भाषेत सा प सा म प सा. गंधारच नाही! म्हणजे मेजरही नाही, मायनरही नाही. मागे तंबोरा सोडल्यासारखं वाटतं आणि काफीतल्या चाली त्यावर आपोआप बसतात. इंग्लंड-आयर्लंडच्या जुन्या चालींना कॉर्डच्या चौकटीत कोंबण्याची कटकट या एका युक्तीने संपली. ग्रॅहमचीच 'अँजी' ही धून बर्ट जॅन्श या स्कॉटिश गिटारवादकाने १९६५ मध्ये वाजवली आणि पॉल सायमनने १९६६ मध्ये. जॅन्शने अ‍ॅन ब्रिग्ज या गायिकेकडून 'ब्लॅकवॉटरसाइड' शिकून १९६६ मध्ये गिटारवर बांधलं; १९६९ मध्ये लेड झेपेलिनच्या जिमी पेजने जवळपास तीच बांधणी डॅडगॅडमध्ये, विराम जसानी यांच्या तबल्याच्या साथीने, 'ब्लॅक माउंटन साइड' नावाने वाजवली आणि खाली फक्त स्वतःचं नाव घातलं. पेज माझा लाडका वादक आहे. तरी दोन्ही रेकॉर्ड मागोमाग लावल्या की मला दर वेळी जॅन्शसाठी वाईट वाटतं. (पेज आणि त्याच बँडचा गायक प्लांट १९७२ मध्ये मुंबईत आले होते आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी दोन गाणी रेकॉर्ड केली. ती अधिकृतपणे बाहेर आली २०१५ मध्ये. मिळवून ऐक.)

शेवटी फेअरपोर्ट कन्व्हेन्शन हा बँड, कारण मित्राला द्यायचं खरं उत्तर त्यांच्याकडे आहे. लंडनच्या या पोरांनी सुरुवात केली ती अमेरिकन फोक-रॉकनेच, डिलनची गाणी म्हणत. १२ मे १९६९ च्या पहाटे बर्मिंगहॅमचा कार्यक्रम करून परतताना एम-वन महामार्गावर त्यांची गाडी उलटली. १९ वर्षांचा ड्रमर मार्टिन लँबल गेला, रिचर्ड थॉम्पसनची मैत्रीण जीनी फ्रँकलिन गेली. बँड मोडल्यात जमा होता. वाचलेले हॅम्पशरमधल्या फार्ली चेंबरलेन इथे एका जुन्या घरात राहायला गेले, आणि जुनं वाजवायचं नाही असं ठरलं. अमेरिकेतल्या द बँडने आपल्या मातीतलं संगीत जसं रॉकमध्ये आणलं, तसं आपण आपल्या मातीतलं का आणू नये? अ‍ॅशली हचिंग्ज लंडनच्या सेसिल शार्प हाउसच्या ग्रंथालयात जाऊन बॅलड शोधायला लागला. फिडलवर (म्हणजे व्हायोलिनवर) आला डेव्ह स्वॉरब्रिक, कार्थींचा जुना जोडीदार. गायला सँडी डेनी. त्या डिसेंबरात 'लीज अँड लीफ' निघाला.

त्यातलं 'मॅटी ग्रोव्हज' कान देऊन ऐक. शब्द चाइल्ड ८१. लॉर्डची बायको, तिचा प्रियकर, लॉर्डची तलवार. सँडी डेनी ते ओरडून सांगत नाही, शेजारच्या घरात घडलेलं सांगावं तसं सांगते, म्हणून अंगावर येतं. गोष्ट संपली की थॉम्पसनची गिटार आणि स्वॉरब्रिकचं फिडल एकमेकांच्या मागे धावत सुटतात. आणि चाल? ती 'शेडी ग्रोव्ह'ची आहे, अ‍ॅपलाचियन डोंगरांतली. इंग्लिश शब्द अमेरिकन चालीवर बसवून इंग्लिश बँडने इंग्लिश फोक-रॉक उभं केलं. मित्राला विचार, यात नक्कल कुणी कुणाची केली?

आता स्टेजचं. सातव्या फ्रेटवर कॅपो, डी मेजर, स्ट्रमिंग नाही. दोन ओळींच्या मध्ये घाई करू नकोस, कार्थी तिथे गिटारला बोलू देतात. कार्यक्रमाच्या आधी आठवडाभर 'फ्रेट ट्रेन' रोज दहा मिनिटं हळू वाजव, नुसता अंगठा सुटा व्हावा म्हणून. आणि माइक हातात आला की एवढंच म्हण : "चाल आणि शब्द पारंपरिक, टीसडेलच्या मार्क अँडरसन यांच्याकडून आलेले. गिटारची बांधणी मार्टिन कार्थी यांची, आणि मी ती सायमन-गारफंकल यांच्याकडून ऐकली." पंधरा सेकंद लागतात, मी घड्याळ लावून पाहिलंय.